दोन हजार टप्पे

एसटीत उभी हयात गेलेल्या माणसाला किलोमीटर दिसले की तो आधी सहाने भागतो. सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्यावर भाडं, एवढ्यावर आमचं जग चालायचं. मुंबईच्या विमानतळापासून अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळापर्यंतचं जवळात जवळचं अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या थोडं वर आहे. भागिले सहा केले की दोन हजार नव्वदच्या आसपास टप्पे येतात. साध्या गाडीला टप्प्यामागे दहा रुपयांच्या आगेमागे धरा, म्हणजे एकेरी तिकीट एकवीस हजार रुपये. ज्येष्ठांना अर्धं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. पण सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असते आणि विमान तर उडाल्या उडाल्या समुद्रावर जातं, तेव्हा तिचा लाभ पहिल्या दोन-चार टप्प्यांनाच मिळणार. हा हिशेब मी लेकीला फोनवर ऐकवला तेव्हा ती पोटभर हसली. जावई मात्र हसला नाही. त्याने नुकतीच दिवाळीतली विमानाची तिकिटं पाहिली होती.

मला विमानाच्या तिकिटाचं नवल वाटतं ते यासाठी की त्यावर अंतर कुठेच नसतं. रेल्वेच्या तिकिटावर किलोमीटर छापलेले असतात. आमच्या वाहकाला टप्पे तोंडपाठ असत, एखादा प्रवासी पुढच्या फाट्यापर्यंत झोपून राहिला तर एका टप्प्याचे पैसे जास्त घ्यायचे की सोडून द्यायचे हे तोच ठरवी. विमानाच्या तिकिटावर नुसत्या दोन वेळा असतात, सुटण्याची आणि पोचण्याची. त्याही दोन वेगळ्या घड्याळांतल्या, एकीतून दुसरी वजा केली तर उत्तर चुकतं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने त्याच जागेसाठी दुप्पट मोजलेले असतात, कारण त्याला घाईने निघावं लागलं. भाडं अंतराचं नसून गरजेचं असतं. आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर आगारावर मोर्चा आला असता.

तसं पाहिलं तर एसटी आणि हे परदेशी विमान सख्खी भावंडं. १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली, वीस टप्प्यांची. त्यानंतर आठवड्याने, ८ जून १९४८च्या रात्री, एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन मुंबईहून लंडनला निघालं, वाटेत कैरो आणि जिनिव्हा घेत. आत ३५ प्रवासी होते आणि त्यांत स्वतः जे. आर. डी. टाटा होते. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं. एकाच आठवड्यात या मुलखाने दोन्ही टोकांना हात घातला. नगरच्या त्या गाडीचा वाढदिवस आमच्या आगारात दर जूनला नारळ फोडून साजरा व्हायचा. तिच्या धाकट्या भावंडाची मला कित्येक वर्षं खबरच नव्हती. लेक न्यूजर्सीला गेली आणि त्या घराण्याशी आमची सोयरीक झाली.

मुंबईहून न्यूअर्कला जायचं तर कुठल्या दिशेने? शाळेत भिंतीवर टांगलेला नकाशा ज्याने पाहिलाय तो म्हणेल, पश्चिमेला. अरबी समुद्र, आफ्रिका, मग अटलांटिक. मीही तेच धरून चाललो होतो. नातवाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल होता. त्याच्यावर एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूअर्कवर धरून मी शिवणाचा धागा ताणला, तेव्हा तो आफ्रिकेच्या जवळपासही गेला नाही. कच्छ, सिंध, कंदाहारची बाजू, तुर्कमेनिस्तान, मग रशियातलं सारातोव्ह, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, नॉर्वे ओलांडून आइसलँडच्या अंगावरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून लॅब्राडोर आणि तिथून खाली न्यूअर्क. मुंबईहून तो निघाला तोच वायव्येपेक्षाही उत्तरेला झुकून. जवळचा रस्ता थंडीतून जातो. भिंतीवरच्या नकाशाचा दोष म्हणावा तर त्याचाही नाही. मर्केटरने १५६९मध्ये तो काढला दर्यावर्दींसाठी, होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्यांसाठी. त्यांना रेषा सरळ हवी होती, मापं चुकली तरी चालणार होती. म्हणून त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे.

धाग्याने दाखवलेली ही वाट गणिताची. विमान अगदी त्याच वाटेने क्वचितच जातं. त्याला वारा सांभाळावा लागतो आणि राजेही. त्याकडे नंतर येतो, आधी वेळेचं बघू.

मुंबईहून रात्री दोनच्या सुमाराला निघालेलं विमान उन्हाळ्यात न्यूअर्कला त्याच तारखेच्या सकाळी साडेआठच्या आसपास टेकतं. कागदावर साडेसहा तास होतात. साताऱ्याहून मुंबईला मुक्कामी गाडीनेही जवळपास तेवढेच लागतात. खरे सोळा तास, त्यातले साडेनऊ घड्याळाने खाल्लेले. हिवाळ्यात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि फरक साडेदहाचा होतो. सूर्याला विचाराल तर तो म्हणेल, दोन्ही चूक. मुंबई आणि न्यूअर्क यांच्या रेखांशांत १४७ अंशांचं अंतर आहे, दर अंशाला चार मिनिटं धरली तर खरा फरक नऊ तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. वर्षातून दोनदा अमेरिका त्याच्या अलीकडे-पलीकडे उडी मारते, नेमकी तिथे कधी थांबत नाही. आपणही या बाबतीत फार शहाणे होतो असं नाही. देशासाठी एक प्रमाणवेळ १९०६मध्ये ठरली, तरी मुंबईने ‘बॉम्बे टाइम’ सोडायला १९५५ उजाडलं. तोवर या शहराचं घड्याळ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होतं. वेळापत्रक जुळवणाऱ्याच्या पोटात अशा गोष्टी ऐकून गोळा येतो.

हिवाळ्यातल्या त्या प्रवासात एक गंमत होते, ती मला खिडकीशी बसल्यावर कळली. रात्र संपतच नाही. विषुववृत्तावर पृथ्वी ताशी १,६७० किलोमीटर वेगाने फिरते, पण जसजसं उत्तरेला जावं तसतसा तो वेग कमी होतो. साधारण सत्तावन्न अंशांवर तो ताशी ९०० भरतो, म्हणजे विमानाच्या वेगाइतकाच. तिथे पश्चिमेकडे उडणारं विमान पृथ्वीशी बरोबरी करतं, आणि त्याहून वर गेलं तर तिला मागे टाकतं. खिडकीबाहेरचा काळोख तासन् तास जागचा हलत नाही. हवाई सुंदरी दोनदा जेवण देऊन जाते, आपण मनात म्हणतो आता उजाडेल, आणि बाहेर तीच रात्र. माझ्या शेजारी नाशिककडच्या एक आजी होत्या. त्यांनी जपाची माळ काढली, बराच वेळ ओढली आणि मला विचारलं, “अहो, सकाळची काकडआरती चुकली का हो?” मी त्यांना अक्षांश समजावायच्या भानगडीत पडलो नाही. “अजून वेळ आहे,” म्हटलं. त्या क्षणी ते खरंच होतं.

येताना मात्र सगळं उलटं. न्यूअर्कहून मुंबईला साडेचौदा-पंधरा तास. अंतर तेवढंच, विमान तेच, पण तास-दीड तास कमी. आमच्या भागातल्या माणसाला हे सांगायला खंबाटकीचा घाट पुरे. पुण्याहून साताऱ्याला येताना चढ आणि जाताना बोगदा, नकाशात घाट एकच. आकाशातल्या घाटाला मात्र रस्ता नसतो, वारा असतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातात. त्यांचा शोध ज्याने लावला त्याची कथा मला फार आवडते. वासाबुरो ओइशी हा जपानी हवामानतज्ज्ञ. १९२०च्या दशकात त्याने ताटेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून सोडून उंचावरच्या वाऱ्याचा वेग मोजला. साऱ्या जगाने वाचावं म्हणून त्याने अहवाल एस्पेरांतो या बनवलेल्या जागतिक भाषेत छापला. ती जगाची भाषा असल्यामुळे जगात तो फारसा कोणी वाचला नाही. १९४४मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर पोचली आणि समोरच्या वाऱ्याने जवळजवळ जागीच खिळल्यासारखी झाली, तेव्हा वैमानिकांनी तोच शोध पुन्हा, प्राण पणाला लावून, लावला.

२०२०च्या फेब्रुवारीत अटलांटिकवर मोठं वादळ उठलं होतं. त्याचा वारा पाठीवर घेऊन एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं. एरवी त्याला सहा-साडेसहा लागतात. आणि याहून मासलेवाईक गोष्ट आपल्याकडचीच आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. २०१६च्या ऑक्टोबरात त्याला पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून पाठवलं. वाट जवळजवळ चौदाशे किलोमीटरने लांबली आणि वेळ सुमारे दोन तासांनी कमी झाला. नोकरीत असताना मी वरिष्ठांपुढे असा प्रस्ताव ठेवला असता, की लांबच्या रस्त्याने गाडी लवकर पोचेल, तर डिझेलच्या हिशेबावर त्यांनी मला घरी बसवलं असतं.

‘जग जवळ आलं’ हे वाक्य निवृत्तीनंतरच्या सत्काराच्या भाषणांत फार येतं. माझ्याही सत्कारात आलं. वेळापत्रकाच्या माणसाने ते तपासून घ्यावं असं आहे. एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं १९६० साली. त्याचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या वर होता. आज मी बसतो त्या विमानाचा वेगही ९००च्याच आसपास आहे. मधे सहा दशकांहून जास्त काळ गेला आणि वेगात नव्या पैशाची वाढ नाही. कारण आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की हवा अशी अडवते की तेवढ्याच अंतराला कितीतरी जास्त इंधन लागतं. कॉन्कॉर्डने ते करून दाखवलं आणि २००३मध्ये तो संसार आटोपला. तेव्हा पुढे सरकलं ते एवढंच, की मधले थांबे गेले. २००७मध्ये मुंबईहून थेट न्यूयॉर्कला आणि न्यूअर्कला विमानं सुरू झाली. न थांबता जायचं तर सगळं इंधन घरूनच भरून न्यायचं. बोइंग ७७७-३००ईआरच्या टाक्यांत १ लाख ८१ हजार लिटर मावतं. पूर्ण भरलेल्या विमानाच्या वजनाचे चाळीस टक्के नुसतं तेलच. पहिले काही तास ते विमान मुख्यत्वे पुढच्या तासांचं तेल वाहून नेतं. वर चार वैमानिक, दोघे चालवतात आणि दोघे मागे बंकावर झोपतात. आमच्याकडे लांब पल्ल्याच्या गाडीवर दोन चालक असले की आम्ही त्याला चैन म्हणायचो.

थांबे गेले याचं मला दुःख नाही. पहाटे तीनला लंडनच्या दिव्यांखाली बॅगा सांभाळत बसण्यात काही काव्य नसतं. पण थेट विमानाने एक नवाच प्रवासी तयार केला आणि त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुंबई विमानतळावर अमेरिकेच्या विमानाच्या दाराशी चाकाच्या खुर्च्यांची रांग पाहा. त्यांत बसलेल्यांपैकी कितीतरी जण आदल्या दिवशी पर्वती चढून आलेले असतात. पायाला काही झालेलं नसतं, धास्ती असते ती चुकण्याची. लेकीने तिकडून बजावलेलं असतं, “आई, व्हीलचेअर सांगून ठेवलीय, नुसती बसून राहा.” ती बसून राहते. कोणीतरी ढकलतो, कोणीतरी पासपोर्ट घेतो, कोणीतरी देतो. लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत गेलेली असते आणि सोळा तास तिचा जीव त्या बरणीत असतो. न्यूअर्कला उतरल्यावर पुन्हा खुर्ची, पुन्हा ढकलणं. काचेच्या दारापलीकडे लेकीचं पोट दिसलं, आठवा महिना, की ती ताडकन उठून चालू लागते आणि ढकलणारा रिकामी खुर्ची धरून बघत राहतो. बाळंतपणासाठी आलेल्या आया हा या मार्गावरचा कायमचा प्रवासी आहे. कुठल्या कंपनीने त्यांची वेगळी गणती केली की नाही ठाऊक नाही, पण त्यांच्यावाचून हा मार्ग चालला नसता असं माझं मत आहे.

आता राजांचं. गोलावर धागा ताणताना मी किती देश ओलांडले ते पाहिलंत. खाली प्रत्येकाचं राज्य आहे आणि वरची हवाही त्याचीच. २०१९मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपली हवा बंद केली. २०२५च्या एप्रिलमध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंद केली. २०२२पासून युरोपच्या आणि अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. भारतीय कंपन्या मात्र जाऊ शकतात. २०२५च्या जूनमध्ये इराणचं आकाश एका रात्रीत मिटलं आणि उडालेली काही विमानं हवेतूनच मागे फिरली. रास्ता रोको झाला की आम्ही गाडी आडवाटेने, पर्यायी मार्गाने काढायचो आणि तासाभराचा उशीर नोंदवहीत लाल शाईने लिहायचो. इथेही तेच, फक्त आडवाट हजार किलोमीटरची आणि तेल घरून आणलेलं. काही मार्गांवर पुन्हा मधेच उतरून तेल घ्यायची वेळ आली. तेव्हा साठ वर्षांत जी एक गोष्ट साधली, थांबे गेले, तीही कुणा दोन राजांच्या भांडणात परत येऊ शकते.

लेकीच्या घरापासून गाडीने फार लांब नाही असं एक गाव आहे, रोझेल. विमानतळापासून तर हाकेच्या अंतरावर म्हणता येईल असं, दीड-दोन टप्पे. तिथे मी मुद्दाम गेलो. पाहण्यासारखं काही नव्हतं. नेटकी घरं, कापलेलं गवत, शाळेची पिवळी बस. पण १८८३च्या जूनमध्ये कल्याणची अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी याच गावात थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या घरी येऊन राहिली होती. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून बोटीने निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने. सोबत नवरा नव्हता, आई नव्हती. ढकलायला खुर्ची नव्हती. कार्पेंटरबाईंशी ओळख होती ती नुसत्या पत्रांतून. ती फिलाडेल्फियाला डॉक्टर झाली १८८६च्या मार्चमध्ये, परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे धाडल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी त्यांच्या घरच्या दफनभूमीत त्या आहेत. म्हणजे तिने हा पल्ला तीनदा काटला, आणि तिसऱ्यांदा कुणालाही घाई नव्हती. आज विमानाने उतरणाऱ्या आपल्या माणसांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की धावपट्टीपासून पंधरा-वीस मिनिटांवर आपल्यातली पहिली डॉक्टरीण राहून गेली? मला तरी कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात वाचलं आणि मग नकाशात शोधलं.

थोरले बंधू गेले तेव्हा मी तिकडेच होतो. तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते, जेवणं होऊन भांडी चालली होती. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी उजाडलं होतं. फोन पुतण्याचा. रडत नव्हता, थकलेला होता. म्हणाला, “नाना, आबा गेलं पहाटं. सगळी जमल्याती. थांबायचं का?”

स्टँडवर कंट्रोलरच्या हातात दोन मिनिटं असतात. गाडी सुटायची वेळ झालेली, चालकाने इंजिन सुरू केलेलं, आणि कोपऱ्यावरून कोणी म्हातारा पिशवी सावरत धावत येताना दिसतो. तेव्हा शिट्टी दाबून धरायची. ती दोन मिनिटं कुठल्याही परिपत्रकात नाहीत, पण प्रत्येक कंट्रोलर ती वापरतो. त्या रात्री माझं डोकं आपोआप चाललं. विमान उद्या दुपारी. साडेचौदा तास हवेत. मुंबईला परवा तिसऱ्या प्रहरी. सामान, पासपोर्टची रांग, एक्सप्रेसवे, खंबाटकी, पुसेगावचा रस्ता. परवा रात्री अकरा. माती आज दुपारची. दोन मिनिटांनी भागणार नव्हतं आणि दोन तासांनीही नाही.

“थांबू नका,” मी म्हटलं. “मी सावडायला येतो.”

आलोही. तिसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी उभा होतो, डोळ्यांत अमेरिकेची रात्र. सावडायला आलेल्यांत कोणी विचारलं नाही की अमेरिकेहून कसे आलात. गावातल्या गावात असलेला माणूस मातीला येतो, पंचक्रोशीतला येतो, मुंबईच्या गिरणीतला पूर्वी रात्रभर गाडीने येऊन सावडायला पोचायचा, आणि सैन्यात लांब कुठे असलेला दहाव्याला. अंतराचे हे टप्पे आमच्या एसटीच्या कितीतरी आधी कोणी तरी आखून ठेवले होते आणि प्रत्येक टप्प्याला एक विधी. भटजीबुवा सांगत होते की शास्त्रात सुतकाचाही विचार असाच आहे, दूर देशी असलेल्याला दहा दिवसांच्या आत कळलं तर त्याने उरलेले दिवस पाळायचे. दूर देश कोणता हेही लिहून ठेवलंय. कोणी योजनांत मोजतात, कोणी म्हणतात मधे मोठी नदी असेल, डोंगर असेल, भाषा बदलत असेल तर तो दूर देश. बैलगाडीच्या आणि पायवाटेच्या काळात बसून कुणीतरी उशिरा येणाऱ्याची सोय करत होतं, हे मला तेव्हा फार जाणवलं. कंट्रोलरचं काम याहून वेगळं ते काय?

नदीवरून येताना मी पुन्हा हिशेबात पडलो. आनंदीबाईच्या वेळी न्यूजर्सीतल्या माणसाला पुण्यातला मृत्यू पत्राने कळायलाच आठवडे लागत. सगळे विधी उरकून महिने लोटल्यावर तो येऊन पोचला असता. १९६०च्या विमानाने तो दहाव्याच्या आत आला. थेट विमानाने तो, सगळं जुळून आलं तर, सावडण्यापर्यंत आला. मातीपर्यंत मात्र आला नाही, आणि येणारही नाही. उद्या आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान पुन्हा आलं तरी हिशेब जमत नाही, कारण हवेतले तास अर्धे झाले तरी तिकीट मिळण्याचे, विमानतळावरच्या रांगेचे, खंबाटकीचे तास तेवढेच राहतात. गावाकडे ऊन वर आलं की माणसं तिरडी बांधायला घेतात. त्यांना घाई नसते. पण मागे ठेवून घेणंही बरं दिसत नाही. विमानवाल्यांनी माझ्या हयातीत जेवढं अंतर कापायचं होतं तेवढं कापलं. राहिलेलं कापणं त्यांच्या हातात नाही.

मात्र लोक गप्प बसले नाहीत. विमान लवकर येत नाही म्हटल्यावर त्यांनी मातीच उशिरा करायला घेतली. आता तालुक्याच्या गावी फ्रीजरची शवपेटी भाड्याने मिळते. काचेचं झाकण, खाली यंत्र, जनरेटर हवा असेल तर त्याचे वेगळे. टेंपोच्या मागे मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो. आधी म्हाताऱ्या माणसांनी नाकं मुरडली, माणूस असा बर्फात घालून ठेवतात का म्हणाली. मग ज्याच्या त्याच्या घरात कोणी ना कोणी बाहेर होतं, तेव्हा नाकं सरळ झाली. परवा शेजारच्या आळीत एक आजी गेल्या. त्यांचा नातू पेटी सांगायला फोन करत होता, मी तिथेच ओट्यावर बसलो होतो. पलीकडच्या माणसाने नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही. फोन स्पीकरवर होता.

“कुठनं यायचेत?” त्याने विचारलं. “पुन्याचं असलं तर राती सोडतो. दुबई एक दिवस. अमेरिका असलं तर दोन धरा, आनि निम्मं आगाऊ.”

नातवाने फोनवर हात ठेवून आत हाक मारली, “अण्णा, काका शिकागोला आहे ना? का न्यूजर्सीला?”

“काय फरक पडतो?” आतून अण्णा म्हणाले.

“पेटीवाला विचारतोय,” तो म्हणाला.

मी म्हटलं, शिकागो असेल तर बदली विमान असू शकतं, सहा तास जास्तीचे धर.